बघायच्या आधी मागा

भोपाळच्या मे महिन्यात, भर दुपारी, चालता पंखा स्वतःच्या हातानं बंद करणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. ती म्हणजे शकुताई मोहरील.

तेव्हा आम्ही कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहायचो, गोविंदपुऱ्याच्या अंगाला. शकुताईंचं क्वार्टर खाली, आमचं वर. रविवारचा दिवस, त्यांच्या बैठकीत सतरंजी अंथरलेली, मधे पाट, पाटावर दोन फासे, आणि पाटाभोवती आम्ही पाच-सहा जणं. आमचे शेजारी सक्सेनाजी तावातावानं उठून उभे राहिलेले. "भाभी, ये गिनती में नहीं आएगा. पंखे की हवा से पलटा है. हमारे तो छह आ रहे थे!"

शकुताई उठल्या, बटण खाली केलं, परत येऊन मांडी घातली. पंख्याची पाती गरगरत गरगरत थांबली. मग म्हणाल्या, "आत्ताचे तीन पडले ते तीनच. पुढच्या वेळी हवेचं नाव घ्यायचं नाही, म्हणून बंद केला."

संध्याकाळपर्यंत घामाच्या धारा पुसत खेळलो. सक्सेनाजींकडे सगळे असे बघत होते की बिचाऱ्यांनी शेवटी कोपऱ्यावरून उसाचा रस मागवला सगळ्यांसाठी.

हा खेळ कसला ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल ल्युडो. शकुताईंचे यजमान, आमचे मोहरीलभाऊजी, कारखान्याच्या डिझाइन ऑफिसात होते. तरुणपणी त्यांना ट्रेनिंगसाठी परदेशात पाठवलं होतं. बाकीचे लोक तिकडून सेंटच्या बाटल्या आणि टेपरेकॉर्डर घेऊन आले, भाऊजी हा खेळ घेऊन आले. तिथल्या हॉस्टेलात पोरं संध्याकाळी खेळायची म्हणे. एकानं गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचं, कोणी शिपाई, कोणी वैद्य, आणि गोष्टीत आपलं सोंग काय करतं ते आपण सांगायचं. जमलं की फसलं, ते फासे ठरवणार. भाऊजींनी घरी येऊन सांगितलं, शकुताईंनी ऐकलं, आणि आपल्या घडणीनं खेळ उभा केला. परदेशातले नाना कोनांचे फासे आम्हाला कुठले मिळायला? ल्युडोचे दोन घेतले. त्या स्वतः सोंग घेत नसत. गोष्ट त्या सांगायच्या आणि पंचही त्याच.

गोष्ट एका मोठ्या नदीकाठच्या गावाची होती आणि ती वर्षानुवर्षं चालली. मी त्यात झाडपाल्याची औषधं देणारी काशी होते. सक्सेनाजी हिशेबखात्यातले, त्यांना चोरच व्हायचं होतं. आणि भाऊजी होते भिका नावाडी. एरवी हा माणूस जिन्यात भेटला तर नुसता हसायचा, पुढे शब्द नाही. पाटावर बसला की भिका बोलायला लागायचा. "नाव पलीकडे नेईन, पण काशीबाई, तुम्ही मधे उभ्या राहू नका, तोल जातो." असं म्हणताना त्यांचे हात खरोखर वल्ह्यावर असल्यासारखे हलायचे. आम्ही बायका पदर सावरून बसायचो, पाणी उडेल म्हणून.

हळूहळू दुसऱ्या सेक्टरमध्येही पाट मांडले गेले. पिपलानीच्या लोकांनी मांडला, बरखेड्याच्या लोकांनी मांडला. मग गणपतीपासून होळीपर्यंत आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये सामने व्हायला लागले. सगळ्या पाटांना गोष्ट तीच, संकटं तीच. ज्या पाटाची माणसं सुखरूप पार पडतील तो पाट जिंकला. आणि सामने आले तशी भांडणं आली. भांडण एकाच गोष्टीवरून, फासा पुन्हा टाकण्यावरून. हात लागला, सतरंजीला सुरकुती होती, मी तर नुसता हलवत होतो टाकला कुठे! पुढे आमची पोरं शिकायला बाहेर पडली, तेव्हा त्यांनी कळवलं की असले खेळ जगभर जाडजूड नियमांची पुस्तकं घेऊन खेळतात आणि तिथेही माणसं ह्याच एका गोष्टीवरून एकमेकांच्या उरावर बसतात. मला बरं वाटलं ऐकून.

शकुताईंनी नियम केले, ते असे. फासा पाटाखाली गेला किंवा कशाला टेकून तिरपा राहिला, तर पुन्हा टाका. आकडा टाकणाऱ्यानं म्हणायचा नाही, त्याच्या उजवीकडच्यानं मोठ्यानं म्हणायचा. एकदा म्हटला की तो ब्रह्मदेवाच्या बापालाही बदलता येणार नाही. आणि प्रत्येकाला अख्ख्या मोसमात एक माफी. म्हणजे एकदा पुन्हा टाकायची मुभा. पण ती फासे घरंगळत असतानाच मागायची. थांबल्यावर मागितली तर मिळणार नाही.

"हे काहून?" त्यांच्याच नागपुरी ढंगात मी एकदा विचारलं.

"अगं, बघायच्या आधी मागितली तर ती माफी. बघून मागितली तर तो सौदा झाला."

ही बाई नुसती पाटावर अशी नव्हती, तोच तर वांधा होता! घरीही तशीच. एकदा दारावर टरबूजवाला आला. शकुताईंनी ठोकून, वाजवून एक पसंत केलं. त्यानं कापलं तर आत पांढरंफटक. तो बिचारा म्हणाला, "अम्मा, दूसरा ले लो, ये मैं घर ले जाऊँगा." तर ह्या म्हणतात, "नहीं भैया, पसंद हमने किया था. लाल निकलता तो तुम वापस माँगते क्या?" तो हसत हसत गेला. संध्याकाळी मी खाली गेले तर भाऊजी गॅलरीत बसून ते पांढरं टरबूज मीठ लावून खात होते. मला बघून म्हणाले, "पंचांचा निकाल आहे." आणि एक फोड माझ्यापुढे केली. काकडीसारखी लागत होती.

टाउनशिपमध्ये कोणाचं क्वार्टर कुठल्या टाइपचं, त्यावरून माणसाला किती वाकून नमस्कार करायचा ते ठरायचं. एका वर्षी भाऊजींच्या खात्याच्या मोठ्या साहेबांच्या मिसेस खेळायला आल्या. सोंग अर्थातच राणीचं. त्यांची माफी वापरून झाली होती, फासा वाईट पडला, तर त्या गोड हसून म्हणाल्या, "मिसेस मोहरील, एकदा अजून टाकते हं," आणि फासे उचललेसुद्धा. त्या वर्षी भाऊजींचं प्रमोशन अडकलेलं, हे सगळ्या हॉलला माहीत. शकुताई म्हणाल्या, "ताई, राणीसाहेब घोड्यावरून पडल्या. पाय मोडलाय. पुढच्या रविवारपर्यंत झोपून राहायचं." साहेबांच्या मिसेस लाल झाल्या. मी भाऊजींकडे बघितलं. ते पाटाकडे मान घालून हळूच म्हणाले, "भिका नाव तयार ठेवतो. राणीसाहेबांना वैद्याकडे न्यावं लागेल."

प्रमोशन त्या वर्षी नाहीच झालं. त्याचं कारण हेच, असं मी म्हणणार नाही, मला काय ठाऊक! मात्र मंडळाच्या हॉलची किल्ली बरेच दिवस आम्हाला मिळत नव्हती, आम्ही स्कूटर बाहेर काढून शेडमध्ये खेळायचो. शकुताईंनी भाऊजींना विचारलं होतं, राग आला का. ते म्हणाले, "तू तिला टाकू दिलं असतंस, तर माझ्यानं त्या पाटावर पुन्हा बसवलं नसतं." हे मला शकुताईंनीच सांगितलं, भाजी निवडताना. सांगताना नवी नवरी लाजते तशा लाजल्या होत्या.

आता पुढचं सांगते. ते सांगताना मला अजून धड वाटत नाही.

भाऊजी विसरायला लागले. आधी चष्मा, मग स्कूटर कुठे लावली ते. मग एके दिवशी टी. टी. नगरच्या बाजारातून घरी यायचा रस्ताच विसरले, ओळखीच्या कोणीतरी आणून सोडलं. डॉक्टरांनी नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि शकुताईंना बाजूला घेऊन सांगितलं की हे वाढतच जाणार. धाकटी सून फोनवर बोलली की ते नंतर विचारायचे, ही कोण होती? पण भिका नावाडी मात्र त्यांना सगळा पाठ. कुठल्या पुरात कुठली नाव फुटली, काशीला कितव्या खेपेला पलीकडे सोडलं, सगळं. शकुताई रोज सकाळी त्यांना विचारायच्या, आज वार कोणता? ते गप्प. मग विचारायच्या, भिकाची नाव कुठे बांधलीय? "पिंपळाखाली," लगेच उत्तर. त्या दिवसभर त्या एका उत्तरावर काढायच्या.

त्या वर्षी होळीच्या आधी शेवटचा सामना पिपलानीच्या पाटाशी होता. मंडळाचा हॉल भरलेला. आधी त्यांचा डाव झाला, मग आमचा. पंच शकुताईच. स्वतःचा नवरा पाटावर असताना तुम्ही पंच कशा, असं त्यांना कधी कोणी विचारलं नव्हतं. विचारायची गरजच पडली नव्हती.

गोष्टीत पूर आला होता. भिकाला अख्खं गाव पलीकडे न्यायचं होतं. शकुताई म्हणाल्या, "नऊ लागतील. कमी पडले तर नाव गेली, नावाडीही गेला." खेळात गेलेलं सोंग परत येत नसे, हाही नियमच. आणि भाऊजींची माफी दिवाळीतच खर्च झालेली.

त्यांनी फासे टाकले. थांबले ते एक आणि तीन. चार.

उजवीकडे सक्सेनाजी बसले होते. आकडा म्हणायचं काम त्यांचं. ते म्हणालेच नाहीत. भाऊजी त्या फाशांकडे थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी निघून गेल्यासारखं झालं. त्यांनी शांतपणे फासे उचलले, मुठीत हलवले, आणि टाकले. आपण एकदा टाकलेत हे ते विसरले होते, लबाडीचा लेश नव्हता त्यात. पाच आणि सहा.

"ग्यारह!" सक्सेनाजी असे ओरडले की मागच्या खुर्चीवरचं बाळ रडायला लागलं. टाळ्या पडल्या. भाऊजी हसले, वल्हं उचलल्यासारखा हात उचलला.

शकुताई म्हणाल्या, "आणि त्याच्या आधी किती होते?"

टाळ्या थांबल्या.

"भाभी, हमने तो बोला ही नहीं," सक्सेनाजी हात जोडून म्हणाले. "बोला नहीं, तो पड़ा नहीं. आप ही का नियम है."

"आपने देखा था?"

"भाभी, जाने दीजिए ना."

पिपलानीचा कप्तान देशकर, तरुण इंजिनिअर, तोही उठून म्हणाला, "काकू, राहू द्या ना. आमची काही हरकत नाही. आम्ही हरलो म्हणून लिहून देतो."

शकुताईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "सक्सेनाजी, आपने देखा था क्या?"

"...चार थे, भाभी."

"चार," शकुताई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, गोष्ट सांगायचा. "नाव मधोमध उलटली. भिकानं शेवटच्या पोराला काठावर ढकललं. तो स्वतः वर आला नाही."

भाऊजी ऐकत होते. त्यांना कळलं. ते मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं, शेजारी बसले होते मी. त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि अगदी सभ्यपणे, बँकेत कुठल्या खिडकीवर जायचं ते विचारावं तसं, विचारलं, "मग आता मी कोण?"



दुसऱ्या दिवशी मी खाली गेले ती भांडायलाच. त्या स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या. मी म्हटलं, "शकुताई, कोणाचं काय गेलं असतं हो? समोरचे हरायला तयार होते! देवसुद्धा इतका हिशेब ठेवत नसेल."

त्या मळतच राहिल्या. "मंगल, तू काय बोलून राहिली तुला समजते का? ह्यांना आता सगळे होच म्हणतात. दूधवाला हो म्हणतो. डॉक्टर हो म्हणतो. पोरं फोनवर, हो पपा, बरोबर पपा. चुकीचं बोलले तरी हो. जगात एक पाट उरला होता जिथं ह्यांना कोणी नाही म्हणत होतं. तिथं पण मी हो म्हणू? म्हणजे हे खेळणारे राहिले नाहीत, पेशंट झाले, असं मी भर हॉलमध्ये सांगू?"

मग त्यांनीच कणकेचा हात तसाच कपाळाला लावला आणि म्हणाल्या, "पण खरं सांग बाप्पा, चुकले का गं मी?"

मी म्हटलं, मला नाही सांगता येत. आजही नाही येत.

खरा जाच त्याच्या पुढे होता. भाऊजी नाव बुडाली तेही विसरले. सकाळी उठून विचारायचे, "भिकाची नाव कुठं आहे?" शकुताई खोटं बोलणाऱ्या नव्हेत. त्या सांगायच्या, बुडाली, भिका गेला. आणि भाऊजींना तो धक्का दर वेळी पहिल्यांदा बसायचा. कसा गेला, कोणी बघितलं, गावचे लोक वाचले का, सगळं विचारायचे, डोळे पुसायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वरून मला सगळं ऐकू यायचं. एका सकाळी शकुताई तशाच जिना चढून वर आल्या, पायांत चप्पल नाही, आणि माझ्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "रोज नव्यानं बुडवू का मी त्याला?"

"सांगा ना की नाव पिंपळाखाली आहे," मी म्हटलं.

"ते खोटं आहे."

त्यानंतर तिसऱ्या दिवशी त्यांनी काय केलं, तर खेळच बंद केला. सगळ्या सेक्टरना निरोप गेला की आता गोष्ट पुढे जाणार नाही. लोक चिडले. बरखेड्याहून दोघं भांडायला आले. शकुताईंनी कोणालाही कारण दिलं नाही. मला मात्र कळलं, कारण त्याच दिवसापासून भाऊजींनी विचारलं की खालून उत्तर यायचं, "सध्या खेळ बंद आहे हो." ते उत्तर खरं असावं, एवढ्यासाठी त्या बाईनं तीन सेक्टरांचा खेळ मोडला. भाऊजी म्हणायचे, "बरं. सुरू झाला की सांग."

पुढे क्वार्टर सोडायची वेळ आली. थोरला मुलगा नागपूरला, तिकडेच जायचं ठरलं. सामान बांधून झालं होतं. निघायच्या आदल्या रविवारी आम्ही जुनी मंडळी भेटायला खाली गेलो. भिंतींवर फ्रेम काढल्याचे चौकोन, सतरंजी तेवढी उरलेली. सक्सेनाजींचे केस पार पांढरे झाले होते. त्यांनीच कुठल्यातरी खोक्यातून पाट शोधून काढला आणि मधे ठेवला. "भाभी, एक बार. नई कहानी."

शकुताईंनी पाटावरची धूळ पदरानं पुसली. मग बसल्या. रिवाजाप्रमाणे एकेकाला विचारू लागल्या, सोंग कोणतं घेणार? मी कुंभारीण म्हटलं. सक्सेनाजी अर्थात चोर. भाऊजींची पाळी आली. तेव्हा ते शकुताईंनाही रोज ओळखत नव्हते.

"तुम्ही कोण होणार?" शकुताईंनी विचारलं.

भाऊजींनी सगळ्यांकडे नजर फिरवली, मग त्यांच्याकडे बघून म्हणाले, "ते सांगतात ना सगळ्यांना. ते. पंच."

आम्ही हसलो. शकुताई हसल्या नाहीत. उठल्या, म्हणाल्या, "या, इथं बसा मग," आणि स्वतः येऊन माझ्या डाव्या हाताला, खेळणाऱ्यांत बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पदर नीट केला. "मला सोंग द्या, पंच. मी कधी घेतलेलं नाही."

भाऊजींनी त्यांना निरखून बघितलं. "नाव चालवता येते का तुम्हाला?"

"शिकेन."

"पाणी खूप आहे," ते म्हणाले. "टाका."

शकुताईंनी फासे टाकले. दोन आणि एक. उजवीकडे मीच होते, म्हणायचं मलाच होतं. मी फाशांवरून नजर काढून सक्सेनाजींकडे बघितलं. शकुताईंनी माझ्याकडे असं बघितलं की मला म्हणावंच लागलं. "तीन."

भाऊजी फाशांवर वाकले. मग वर बघितलं, आणि त्या जुन्या, जिन्यातल्या हसण्यानं म्हणाले, "पुन्हा टाका, बाई."

"पंच, आकडा बोलला गेलाय," शकुताई म्हणाल्या.

"मी ऐकला नाही."

"मी बघितलाय. बघून मागता येत नाही."

"तुम्ही कुठं मागितलं? मी देतोय."

शकुताईंनी फासे उचलले. मूठ गच्च मिटलेली, आणि त्या टाकत नव्हत्या. सक्सेनाजींनी चष्मा काढून हातात धरला. भाऊजी मांडी घालून ताठ बसले होते. समोरच्या अनोळखी बाईपुढच्या पाटाकडे त्यांनी तळहात उघडा केला, पाहुण्याला आत या म्हणतात तसा.

"टाका," ते म्हणाले. "घाई नाही."